साधं पेट्रोल संपलंय

मुर्ध्याहून भाईंदरकडे येताना मिठागरं मागे पडतात आणि दुकानं सुरू होतात, त्या वळणावर एक पेट्रोल पंप आहे. नीलम भोईर तिथे अकरा वर्षं गाड्यांमध्ये पेट्रोल भरत होती.

ती पाचला घरातून निघायची. थंडीच्या दिवसांत त्या वेळी रस्त्यावर खाडीचं धुकं उतरलेलं असायचं आणि दोन्ही बाजूंची मिठागरं आभाळासारखी दिसायची, म्हणजे आपण जमिनीवरून चाललोय की ढगांमधल्या बांधावरून, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. झोप अजून पुरती गेलेली नसायची. ती सांगायची की ही वीस मिनिटं तिच्या हिशेबी दिवसात धरायची नाहीत, ती रात्रीचाच उरलेला तुकडा असतात.

पंपावर पोचलं की पहिलं काम टाकी मापायचं. जमिनीतलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब पितळी काठी आत सोडायची, वर काढायची आणि ओल कुठपर्यंत चढली ते बघून वहीत लिहायचं. झाकण उघडलं की आतून थंड, गोडसर वास यायचा. बाकीचे नाक दाबायचे. नीलमला तो वास आवडायचा. मशीनचं नोझल गाडीच्या टाकीच्या तोंडात घातलं की तिथली हवा थरथरते, आणि त्या थरथरीतून समोरच्या माणसाचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा हलतो. अकरा वर्षांत तिने असे हजारो चेहरे हलताना पाहिले होते. कोण कुठे निघालाय हे ती कधी विचारायची नाही. मनातल्या मनात ठरवायची. हा वज्रेश्वरीला. ही माहेरी. हा कुठेच नाही, नुसता फिरून परत येणार.

बरोबर सहाला नवा भाव लागायचा. तो वरून ठरून यायचा, पण मशीनवर आकडा उमटायच्या वेळी तिथे नीलम उभी असायची. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पेट्रोल रोज ऐंशी ऐंशी पैशांनी चढत गेलं, तेव्हा लोक सहाला पाच मिनिटं कमी असताना येऊन रांग लावायचे. एक रिटायर्ड काका तर रोज विचारायचे, "आज किती वाढवलंत?" जणू नीलम रात्रभर बसून भाव ठरवते. आधी तिला हसू यायचं, मग वाईट वाटायचं, मग तिने उत्तर द्यायचंच सोडलं. "झिरो बघा," एवढंच म्हणायची आणि नोझल दाबायची.

घरी शाळेत जाणारी मुलगी होती. नवरा यतीन होता, तो अंधेरीला एका कंपनीत कुरिअरचं काम बघायचा. आणि सासरे बबन होते. बबनची खाडीत फिरायची लहान होडी होती, मागे पेट्रोलचं छोटं इंजिन लावलेलं. मिठागरातलं काम बंद पडल्यावर त्यांनी होडीच धरली. निवटे, कोळंबी, कधी एखादा जिताडा. सत्तरी उलटली तरी भरतीची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळायची. दर दोन-तीन दिवसांनी ते मच्छीमार सोसायटीचा परवानगीचा कागद आणि निळा कॅन घेऊन पंपावर यायचे आणि बाकीच्यांसारखेच रांगेत उभे राहायचे. सुनेचा पंप म्हणून पुढे घुसायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नीलमही त्यांना पंपावर बाकीच्यांसारखंच म्हणायची, झिरो बघा. ते खरंच वाकून झिरो बघायचे.

मग तो जानेवारी आला. टँकरच्या ड्रायव्हरांनी संप केला आणि सोमवारी दुपारी मोबाइलवर बातमी फिरली की उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही. तासाभरात रांग वळणाच्या पलीकडे गेली. स्कूटर, बाइक, गाड्या, हातात पाण्याच्या बाटल्या घेतलेली माणसं. ज्यांची टाकी अर्धी भरलेली होती तेही आले. नीलमने सहा तास हात खाली घेतला नाही. संध्याकाळी मान वर केली तेव्हा हवा इतकी थरथरत होती की तिला ती सगळी रांगच एका लांब स्वप्नात उभी असल्यासारखी वाटली. कोणी कुठे जाणार नव्हतं. सगळे फक्त भरून घेत होते.

घरी गेल्यावर बबनने विचारलं. तिने सांगितलं, "काळजी नको, बाबा. टाकीत अजून चार हजार लिटरच्या वर आहे. उद्या आणा कॅन."

पंपाचे मालक जयकुमार शहा. ते स्वतः रोज संध्याकाळी येऊन बसायचे, पण त्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते घरी पट्टी बांधून होते. पंप त्यांचा पुतण्या हितेश बघत होता. हितेश पस्तिशीचा, हुशार, वाईट माणूस नाही. नीलमच्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी त्यानेच एकाला फोन केला होता. मंगळवारी सकाळी सहाला तो पंपावर हजर होता. त्याने तिला बाजूला बोलावून हिंदीत समजावलं. पंपावर दोन टाक्या होत्या, एक साध्या पेट्रोलची, एक प्रीमियमची. प्रीमियम लिटरमागे सात-आठ रुपयांनी महाग. एरवी फार कोणी घेत नाही, टाकी भरलेलीच राहते. आज सगळ्यांना सांगायचं की साधं संपलंय, फक्त प्रीमियम आहे. जो भाव बोर्डावर लिहिलाय तोच घ्यायचा, एक पैसा जास्त नाही. साधं आपण अडचणीसाठी राखून ठेवू. टँकर कधी येईल कोण सांगणार?

नीलमने नुकतीच काठी टाकून पाहिली होती. चार हजारांच्या वर ओल होती. हितेशचं बोलणं ऐकताना त्यात चूक कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. फक्त कुठेतरी आहे एवढं जाणवत होतं, जसं अंधारात पायाखालची पायरी कमी पडते.

ती दिवसभर म्हणत राहिली, "साधं संपलंय. प्रीमियम आहे." पहिल्या दहा जणांना सांगताना जीभ जड झाली. शंभराव्याला ते नुसते शब्द उरले. बहुतेकांनी कुरकुर करून घेतलं. काहींनी वाद घातला. मीरा रोडच्या कुठल्याशा टॉवरमधून आलेला एक जण म्हणाला की ही सरळ सरळ लूट आहे, माणसाची गरज बघून भाव लावणं. त्याच्या मागचा बाइकवाला म्हणाला की तुमच्या टॉवरमध्ये दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतात ती काय सेवा असते का? मग तिसरा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, आठ रुपये म्हणजे काहीच नाही, कोपऱ्यावर पानवाला बाटलीतून अडीचशेला विकतोय, त्याला बोला. चौथा म्हणाला की पानवाला निदान लपूनछपून विकतोय, इथे बोर्ड लावून चाललंय. भांडण रांगेबरोबर हळूहळू पुढे सरकत राहिलं. बोलणारे पेट्रोल भरून निघून जायचे आणि नवे येऊन तेच बोलायचे, जणू शब्द तिथेच हवेत लटकलेले होते आणि माणसं त्याखालून जात होती.

अकराच्या सुमारास नीलमने नोझल काढलं, मान वर केली, आणि समोर बबन होते. निळा कॅन, सोसायटीचा कागद, डोक्याला रुमाल.

"साधं हाय ना गो?" त्यांनी विचारलं.

हितेश केबिनच्या दारात उभा होता. मागे पन्नास माणसं होती. त्या एका क्षणात तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं असेल, पण तोंडातून सकाळपासून निघत होतं तेच निघालं.

"साधं संपलंय, बाबा. प्रीमियम आहे."

थरथरणाऱ्या हवेत सासऱ्यांचा चेहरा एकदा हलला आणि स्थिर झाला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, ओळखीच्या घराचं दार चुकलं की माणूस बघतो तसं. "बरं," ते म्हणाले. रिकामा कॅन घेऊन रांगेतून बाहेर पडले आणि मिठागरांच्या बाजूने चालू लागले. नीलम पुढच्या स्कूटरवाल्याला म्हणाली, झिरो बघा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा होडी किनाऱ्यावर नव्हती. शेजारच्या गोदूबाईने सांगितलं की बबन दुपारच्या ओहोटीबरोबर गेले, इंजिन काढून ओट्यावर ठेवलं आणि वल्ही घेऊन गेले. त्यांना वल्हवताना गोदूबाईने पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. नीलम हातपाय न धुता तशीच बांधावर जाऊन उभी राहिली. पेट्रोल वाचवायला लोकांनी गाड्या घरीच ठेवल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावरून येणारी नेहमीची घरघर त्या दिवशी नव्हती. तिवरांमध्ये पाणी चढत होतं त्याचा आवाज ऐकू येत होता. सूर्य खाली गेला आणि खाडी आधी तांबूस, मग राखेच्या रंगाची झाली. कितीतरी वेळाने वल्ह्यांचा आवाज आला, दोन ठोके आणि थांबणं, दोन ठोके आणि थांबणं. मग धुरकट पाण्यातून होडी अशी आली की जणू तिला कोणी चालवत नव्हतं, भरतीनेच आठवण ठेवून ती परत आणून दिली होती.

टोपलीत मूठभर कोळंबी होती. बबनच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. नीलमने घरी नेऊन कोमट पाण्यात हळद घालून त्यांचे हात बुडवले. यतीन अजून आला नव्हता. तिनेच सांगितलं की टाकीत पेट्रोल होतं, तिला तसं बोलायला सांगितलं होतं, नोकरी आहे, हितेशभाईंचे उपकार आहेत. सगळं सांगितलं, एकाखाली एक.

बबनने हात पाण्यातून काढले नाहीत. "तू खोटं बोललीस त्याचा राग न्हाय," ते म्हणाले. "पोटासाठी माणूस बोलतं. पन माझ्या तोंडावर तुला खोटं बोलाया लागलं, ते मना बरं न्हाय वाटलं. तुला कसं वाटलं आसल?"

तिला कसं वाटलं असेल हे दिवसभरात कोणी विचारलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही. ती उठून स्वयंपाकाला लागली. कोळंबीचं कालवण केलं. यतीनने आल्यावर विचारलं की आज सगळे गप्प का, तर बबन म्हणाले, खाडीत आज लई शांत होतं, तेच घरात आलंय.

बुधवारी नीलम पंपावर पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पंपाचे दिवे पाण्यात सोडलेल्या दिव्यांसारखे दिसत होते. संप मिटल्याची बातमी रात्रीच आली होती, पण टँकर अजून कुठे पोचला नव्हता आणि रांग पुन्हा लागली होती. माणसं स्कूटरवर बसल्या बसल्या झोपली होती. तिने झाकण उचललं, काठी सोडली, वर काढली. चार हजार एकशे वीस. वहीत लिहिलं.

प्रत्येक पंपावर असतो तसा एक काळा फळा तिथेही होता. त्यावर रोज पेट्रोलची घनता खडूने लिहायची असते. ती लिहिणं नीलमचंच काम. लिहून झाल्यावर ती खडू खाली ठेवणार होती. नंतर तिने बबनला सांगितलं की तेव्हा तिने काही ठरवलं नव्हतं. हात वर गेला, एवढंच. अक्षर मोठं काढायची तिला शाळेपासून सवय होती. तिने लिहिलं:

साधं पेट्रोल शिल्लक — ४१२० लिटर

मग हात झटकले आणि सहा वाजायची वाट बघत मशीनपाशी उभी राहिली.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या एका बाईने मोठ्याने वाचलं, तिच्या मागच्याने मागे सांगितलं, आणि ते शब्द धुक्यातून एकेका स्कूटरवरून मागे मागे जात राहिले. ओरडाआरडा झाला नाही. उलट रांग सैल झाली. आहे म्हटल्यावर माणसांनी इंजिनं बंद केली, कोणी चहा आणायला गेला. कित्येकांनी टाकी फुल करायची सोडून दोन लिटरच घेतलं. मंगळवारी वाद घालणारा टॉवरवाला परत आला होता. त्याने फळा पाहिला, नीलमकडे पाहिलं, काही तरी विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. तिची नजर वळली नाही. तो साधं भरून गेला.

हितेश आठला आला. त्याने फळा वाचला. पुसायला तीन पावलं टाकली असती तर पुसता आला असता. पण सगळ्यांनी वाचलेली गोष्ट पुसून काय होणार हे कळण्याइतका तो हुशार होता. तिच्याजवळ येऊन त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "किसने बोला था लिखने को?" ती म्हणाली, कोणी नाही. तो केबिनमध्ये जाऊन बसला. दुपारी तीनला टँकर आला, तेव्हा टाकीत अजूनही सातशे लिटर उरलं होतं.

दोन दिवसांनी जयकुमारांचा निरोप आला. भाईंदर पश्चिमेला त्यांचं जुनं घर होतं, पहिल्या मजल्यावर. नीलम गेली तेव्हा ते काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसले होते. त्यांनी तिला चहा द्यायला सांगितलं. मग हितेशची बाजू त्यांनीच मांडली, बरीच नीट. प्रीमियम विकणं गुन्हा नाही. जास्त भाव घेतला नाही. टँकर आलाच नसता तर अँब्युलन्सला काय दिलं असतं, हाही प्रश्न होता. नीलम ऐकत होती. तिला वाटलं आता ते हिशेब घेऊन घरी जा म्हणणार.

"नीलमबेन, चाळीस वर्षं पंप चालवतो," ते म्हणाले. "नाही आहे ते नाही सांगितलं, खूप वेळा सांगितलं. पण आहे ते नाही, असं मी कोणाला शिकवलं नव्हतं. डोळ्यावर पट्टी होती ना, त्या दोन दिवसांत शिकवून झालं."

तिला वाटलं त्यांचा आवाज ओला झाला, पण ते ऑपरेशनमुळेही असेल. पुढचं त्यांनी खिडकीकडे बघतच सांगितलं: घरातला मुलगा आहे, त्याचा मान ठेवायला लागतो, काही महिने तिने मशीनवर न उभं राहता हवा भरायच्या कोपऱ्यात बसावं. पगार तोच. नीलमने चहाचा कप खाली ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिने एकच विचारलं, सकाळी टाकी कोण मापणार? जयकुमार म्हणाले, ते तूच. आणि फळ्यावर घनता आणि शिल्लक, दोन्ही आकडे लिहायचे, रोज. हितेशला मी सांगितलंय.

बबनला हे पटलं नाही. चांगलं काम केलं त्याला कोपऱ्यात बसवायचं, हा कुठला न्याव, असं ते दोन दिवस म्हणत राहिले. यतीनचं म्हणणं की नोकरी राहिली हेच खूप. नीलमला विचाराल तर तिला दोघांचंही खरं वाटत होतं. फळ्यावरचे आकडे मात्र राहिले. पहिले काही दिवस लोक थांबून वाचायचे; मग सवय झाली, आणि आता कोणी तिकडे बघतही नाही.

हवेचा कोपरा पंपाच्या मागच्या अंगाला होता, बदामाच्या झाडाखाली. तिथे घाई नसायची. टायर खाली बसलेली माणसं पेट्रोलवाल्यांपेक्षा सावकाश बोलतात, हे तिला नव्याने कळलं. कोणी सायकल आणायचं, कोणी हातगाडीचं चाक. दुपारी ऊन पानांतून गळून तिच्या साडीवर हलायचं, आणि कॉम्प्रेसरच्या संथ धडधडीत तिचे डोळे मिटायचे. हितेशशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं, तरी दिवाळीला त्याने मिठाईचा डबा तिच्या हातात स्वतः दिला. तिने डबा घेतला.

काही महिन्यांचं वर्ष उलटलं, तरी ती तिथेच होती. पुढच्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच हिना नावाची एक बाई तिच्या लहान मुलीला स्कूटरवर मागे बसवून आली. त्या दोघी उत्तनच्या समुद्रावर निघाल्या होत्या. हिनाने पिशवीतून चुरगळलेलं पांढरं प्लास्टिक काढलं आणि संकोचत विचारलं की यात हवा भरता येईल का, तोंडाने फुंकून फुंकून तिचं डोकं गरगरायला लागलं होतं. नीलमने ते उलटंसुलटं करून पाहिलं, तोंड शोधलं, आणि टायरची नळी बोटांनी दाबून धरून अगदी बेताने हवा सोडली. आधी एक पंख उचलला गेला. मग दुसरा. मग लांब मान हळूहळू वर आली, थोडी डुलली, आणि बदामाच्या सावलीत माणसाएवढा पांढरा हंस उभा राहिला. मुलगी टाळ्या वाजवायचं विसरली. रांगेतले दोन-तीन जण वळून बघू लागले.

हिनाने हंस मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, मग पोरीच्या आणि आपल्या मध्ये उभा बसवला. स्कूटर वळणावरून निघाली तेव्हा त्या दोघी त्याच्या पंखांआड दिसेनाशा झाल्या होत्या. मिठागरांच्या कडेकडेने, रस्त्यापासून हातभर उंचीवर, एक पांढरा हंस मान ताठ करून समुद्राच्या दिशेने जात होता. नळी हातात धरून नीलम तो दिसत होता तोवर बघत राहिली. मग एक सायकलवाला आला, त्याच्या मागच्या चाकात हवा नव्हती.